एक प्रत, बारा वाचक आणि एक फिरती वही

तापीकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, धान्याच्या दोन दुकानांच्या मधून वर जाणाऱ्या जिन्याने गेले की सार्वजनिक वाचनालय लागते. मी तेथे अकरा वर्षांपासून सभासद आहे आणि तेथे भरणाऱ्या वाचक मंडळात पहिल्या दिवसापासून बसते. या काळात मला तेथे काय मिळाले आणि काय खटकले, ते दोन्ही नीट लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते. वाचनालयाचे नाव मात्र येथे देत नाही, कारण ग्रंथपालांनी तशी विनंती केली आहे. कौतुक असो वा तक्रार, ती आधी संचालक मंडळासमोर यावी, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याप्रमाणे यातील तक्रारी मी लेखी देऊन झाल्या आहेत.

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी सांगते. अनामत रक्कम पाचशे रुपये असून मासिक वर्गणी पन्नास रुपये आहे. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक मिळते, आणि पुस्तक पंधरा दिवस ठेवता येते. वेळ सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा दुपारी कोणी बाहेर पडत नाही, त्यामुळे ही वेळ आमच्याकडे योग्यच आहे. वर्तमानपत्रांचा विभाग सर्वांना खुला असून त्यासाठी सभासदत्व लागत नाही. सकाळी तेथे बसायला जागा मिळत नाही, आणि मला ते पाहून बरे वाटते.

पुष्कळ लोक या वाचनालयाला सरकारी समजतात आणि तेथील प्रत्येक उणिवेचे खापर सरकारी कारभारावर फोडतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे, आणि त्याखाली आपल्याकडची बहुतेक वाचनालये गावातल्या नोंदणीकृत संस्थाच चालवतात; शासन त्यांना मान्यता, वर्ग आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान देते. आमचे वाचनालय तालुका ‘ब’ वर्गाचे आहे. अनुदान आणि वर्गणी यांतूनच कर्मचाऱ्यांचा पगार, वीजबिल, वर्तमानपत्रे, बाइंडिंग आणि नवीन पुस्तके एवढे सगळे बसवायचे असते. काही पुस्तकांच्या पहिल्या पानावर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचा शिक्का दिसतो. ती पुस्तके त्या मार्गाने आलेली आहेत. हे समजून घेतल्यावर माझ्या तक्रारींचा सूर बदलला, परंतु तक्रारी संपल्या नाहीत.

पहिली तक्रार सूचीची आहे. पुस्तकांची सूची दाखल नोंदवहीतच आहे, म्हणजे पुस्तक ज्या क्रमाने वाचनालयात आले त्या क्रमाने. एखाद्या लेखकाची कोणती पुस्तके येथे आहेत हे शोधायचे असेल तर नोंदवहीची पाने उलटत बसावे लागते किंवा ग्रंथपालांच्या स्मरणावर विसंबावे लागते. त्यांचे स्मरण दांडगे आहे. पण ते रजेवर असतात त्या दिवशी वाचनालयाची निम्मी पुस्तके जणू कुलपात जातात.

दुसरी तक्रार बाइंडिंगची आहे, आणि ती मला अधिक मनाला लागते. जुन्या कादंबऱ्या पुन्हा बांधताना बाइंडरने पानांच्या आतल्या बाजूला इतक्या आत शिलाई घातली आहे की ओळींची टोके शिवणीत अडकतात. मी एक जुनी कादंबरी दोन्ही अंगठ्यांनी पान दाबून धरत वाचली. उजवीकडच्या प्रत्येक पानावर ओळीच्या सुरुवातीचे एक-दोन शब्द अंदाजाने जोडावे लागत होते. चाळीसाव्या पानापर्यंत मी धीर धरला आणि नंतर ती परत केली. ज्या पुस्तकाची तारीख चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरलेली असते, म्हणजे जे सर्वाधिक वाचले जाते, तेच बाइंडिंगला जाते आणि तेच असे वाचता न येण्याजोगे होऊन परत येते. बाइंडिंगचा दर पुस्तकामागे दहा-वीस रुपयांनी वाढला तरी चालेल, पण काम वाचणाऱ्या माणसाला दाखवून घ्यावे.

तिसरी गोष्ट बायकांच्या वेळेची. संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ स्वयंपाकाची आहे. माझी नोकरी असल्याने मी घरी येता येता वर जाऊन येते, पण घरात असणाऱ्या बायकांना ते जमत नाही, आणि त्या मुलांच्या हाती चिठ्ठी देऊन पुस्तक मागवतात. चिठ्ठीवर ‘एखादी चांगली कादंबरी’ एवढेच असते. स्वतः कपाटापुढे उभे राहून पुस्तक काढून पाहणे, दोन पाने वाचून परत ठेवणे आणि दुसरे उचलणे यातला आनंद त्यांच्या वाट्याला येत नाही. आठवड्यातून एक दिवस दुपारी साडेतीन ते पाच वाचनालय उघडे ठेवावे, असा अर्ज आम्ही सतरा जणींनी दिला. तो मंजूर होऊन दर बुधवारी तसे सुरूही झाले, आणि तीन महिन्यांनी माणूस नाही म्हणून बंद पडले. ते पुन्हा सुरू व्हावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

एवढे सांगून झाल्यावर आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतले तिच्याकडे येते.

माझे लहानपण धुळ्याचे. वडील दर शनिवारी सायकलवरून एक पुस्तक आणायचे, आणि कधी राजवाडे संशोधन मंडळाच्या इमारतीवरून जाताना सायकल थांबवून, गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रे गोळा करणाऱ्या विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांविषयी सांगायचे. घरात बोलायची भाषा अहिराणी आणि वाचायची भाषा पुस्तकातली मराठी, असे माझे दोन्ही बाजूंनी पोषण झाले. वाचन भरपूर झाले, पण वाचलेल्याविषयी बोलायला वडिलांखेरीज कोणी नव्हते, आणि लग्न होऊन या भागात आल्यावर तेही राहिले नाही. वीस वर्षे मी कादंबऱ्या वाचून मिटल्या आणि परत केल्या. एखादी कादंबरी आठ-आठ दिवस डोक्यातून जात नसे, आणि तिच्याविषयीचा एक शब्दही तोंडातून बाहेर पडत नसे.

वाचक मंडळ २०२१ च्या दिवाळीनंतर सुरू झाले. टाळेबंदीत बंद पडलेले वाचनालय उघडले होते आणि पुस्तके बदलायला येणाऱ्यांची संख्या कमी झाली होती. ग्रंथपालांनी बारा जणांना निरोप दिला. त्यात एक निवृत्त शिक्षक, एक केळीबागायतदार आप्पा, औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण, दोन महाविद्यालयीन मुली, अंगणवाडीच्या एक ताई, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आणि आम्ही काही नोकरदार मंडळी होतो. पहिल्या वाचनासाठी व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची ‘बनगरवाडी’ ठरली, कारण ती लहान आहे. अडचण अशी आली की वाचनालयात तिची धड अशी एकच प्रत होती.

यावर ग्रंथपालांनी जो उपाय काढला तो मला या वाचनालयाचे सर्वांत मोठे काम वाटतो. त्यांनी ती प्रत आणि तिच्यासोबत दोनशे पानांची एक वही, अशी दोन्ही कापडी पिशवीत घालून पहिल्या वाचकाला दिली. नियम एवढाच की पुस्तक आठ दिवस ठेवायचे, पुस्तकावर पेन्सिलीचीही खूण करायची नाही, जे सांगायचे असेल ते पान क्रमांक घालून वहीत लिहायचे, आणि नवव्या दिवशी पिशवी पाळीच्या कागदावरच्या पुढच्या माणसाच्या घरी स्वतः नेऊन द्यायची. पुढचा वाचक पुस्तक वाचतो आणि त्यासोबत आधीच्यांनी लिहिलेलेही वाचतो. वाटल्यास त्याखाली उत्तर लिहितो. बारा जणांची फेरी पूर्ण व्हायला सव्वातीन महिने लागतात. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही बसतो. ज्यांचे वाचून झाले असेल ते बोलतात, आणि ज्यांचे व्हायचे असेल त्यांनी ऐकायचे की शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसायचे, हे त्यांनी स्वतः ठरवायचे.

इतक्या संथ गतीने वाचण्यात रस टिकेल का, अशी शंका मलाही होती. प्रत्यक्षात उलटे घडले. पहिल्या वाचकाने डिसेंबरात लिहिलेले मत फेब्रुवारीत बदललेले असते, आणि वहीत ते दोन्ही दिसते. शिक्षकांनी ‘बनगरवाडी’तल्या तरुण मास्तरविषयी आधी एक पानभर कौतुक लिहिले होते, फेरी संपता संपता त्यांनी त्याच पानाच्या समासात लिहिले की आपल्या पहिल्या नेमणुकीच्या गावाने आपल्याला काय दिले याचा हिशेब या वयात मांडावासा वाटतो आहे, आणि ते गाव आता आपल्याला ओळखणार नाही.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ची फेरी मी कधी विसरणार नाही. ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हा लेखक पंचविशीचे होते, आणि त्यांचे जन्मगाव सांगवी आमच्याच जिल्ह्यात, यावलच्या बाजूला. पुण्यात शिकायला जाऊन परत आलेल्या पांडुरंग सांगवीकरची ही गोष्ट मी महाविद्यालयात असताना वाचली होती आणि तेव्हा मी पूर्णपणे पांडुरंगच्या बाजूची होते. आमच्या मंडळातली तरुण मुलेही तशीच. वहीची पहिली अकरा पाने पुणे, वसतिगृह, पैसे उडवणे आणि एकटेपणा यांनी भरली होती. मग पिशवी आप्पांकडे गेली. त्यांचे मृगबागेच्या लागवडीचे दिवस होते, त्यामुळे आठाऐवजी बारा दिवस लागले आणि त्यांनी तसे कळवलेही. त्यांनी वहीत काहीच लिहिले नाही. शनिवारी मात्र ते आले, सगळ्यांचे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाले, “पोराचं बरोबर हाये, पन बापाचं कोन लिहीन?”

त्या एका वाक्याने आमची फेरी उलटी फिरली. ज्यांचे वाचून झाले होते त्यांनी पिशवी पुन्हा मागितली आणि वडिलांचा उल्लेख येतो ती पाने शोधून काढली. औषधाच्या दुकानातल्या तरुणाने पान क्रमांकांची एक यादीच केली आणि लिहिले की वडील पांडुरंगच्याच नजरेतून दिसतात, म्हणून ते इतके कठोर दिसतात. लेखकाला हे ठाऊक आहे, पांडुरंगला नाही. हे वाक्य कोणत्याही समीक्षकाच्या तोडीचे आहे असे मला वाटते. आप्पांना ते वाचून दाखवले तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. दोन महिन्यांनी कळले की त्यांचा मुलगा पुण्यात असतो आणि शेतीत परत येणार नाही.

त्याच वहीत, पांडुरंगची बहीण मनी देवीच्या आजारात जाते त्या भागाचा पान क्रमांक घालून आजींनी एकच ओळ लिहिली आहे: “माझा धाकटा भाऊ याच दुखण्यात गेला. ही पाने मी दोनदा वाचली.” अक्षर मोठे आणि थोडे थरथरते आहे. त्या ओळीखाली कोणीही काही लिहिले नाही. त्यानंतर पिशवी ज्यांच्या-ज्यांच्याकडे गेली त्या सगळ्यांनी तेवढी जागा मोकळी सोडून पुढच्या पानावर लिहायला सुरुवात केली आहे. हे कोणी ठरवलेले नव्हते.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ आली तेव्हा वेगळाच लाभ झाला. कौतिकच्या कष्टांची ही कादंबरी १९६० ची आहे आणि तिच्यात वऱ्हाडी बोली भरभरून आहे. शहरातल्या वाचकाला जी भाषा अडते ती आमच्या मंडळातल्या बायकांना अडली नाही, कारण ‘मले’, ‘तुले’ येथल्या लेवा बोलीतही आहे. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांमुळे ती बोली छापील पुस्तकात आम्हाला परकी राहिलेली नाही. अंगणवाडीच्या ताईंनी वहीच्या शेवटी दोन पानांवर तीन रकाने आखले: एकात वऱ्हाडी शब्द, दुसऱ्यात येथला आणि तिसऱ्यात माझ्याकडून विचारून घेतलेला अहिराणी. लहानपणी शाळेत जी भाषा बोलल्याबद्दल मी बोलणी खाल्ली होती, तिचे शब्द कोणीतरी आखीव रकान्यात सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होते. मला त्या दिवशी फार समाधान वाटले.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मोठी कादंबरी तिच्यात बसत नाही. ‘कोसला’च्या यशाने उत्साह वाढून आम्ही नेमाड्यांचीच २०१० सालची ‘हिंदू’ घेतली. ती सहाशे पानांच्या घरातली आहे आणि आठ दिवसांत ती वाचणे नोकरी, शेती, घर सांभाळणाऱ्या माणसाला अशक्य आहे. पाच जणांनी अर्धवट वाचूनच पिशवी पुढे दिली, आणि चर्चेत जे बोलले गेले ते पहिल्या दोनशे पानांविषयीच होते. अशा पुस्तकाला प्रत्येकी तीन आठवडे द्यावेत किंवा ते एकट्याने वाचण्यासाठी सोडावे. दुसरे असे की मंडळात बारा जागा आहेत आणि त्या भरलेल्या आहेत. नव्या माणसाला वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते. दुसरी पिशवी सुरू करता येईल, पण तिचा पाळीचा कागद सांभाळणारा माणूस अजून मिळालेला नाही.

प्रती वाढवण्याचा प्रयत्नही आम्ही केला. वर्गणी काढून एका गाजलेल्या कादंबरीची दुसरी प्रत ऑनलाइन मागवली, कारण एक विक्रेता ती निम्म्या किमतीत देत होता. आलेल्या प्रतीचे मुखपृष्ठ फिकट होते आणि कागद इतका पातळ की मागच्या पानाची अक्षरे पुढे दिसत होती. पान ११२ नंतर पुन्हा ९७ सुरू झाले आणि ११२ पर्यंत जाऊन थेट १२९ आले. सोळा पानांचा एक फॉर्मा दोनदा लागला होता आणि पुढचा गळालाच होता. ती प्रत चोरून छापलेली होती हे उघड आहे. आमचे पैसे गेले त्यापेक्षा जास्त वाईट याचे वाटले की त्यातला एक पैसाही लेखकाला आणि प्रकाशकाला मिळाला नाही. त्यानंतर ग्रंथपालांनी नियम केला की पुस्तक थेट प्रकाशकाकडून किंवा जळगावच्या ओळखीच्या दुकानातूनच घ्यायचे, मग सवलत कितीही कमी असो. हा नियम मला पूर्ण मान्य आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा आम्ही सात जण गेलो होतो. साने गुरुजींनी जेथे शिकवले त्या गावात, १९५२ नंतर पहिल्यांदाच, संमेलन भरत होते. भाषणे आम्ही थोडीच ऐकली आणि बराच वेळ ग्रंथप्रदर्शनात घालवला. जमवलेल्या तीन हजार रुपयांत अकरा पुस्तके आली. परतीच्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसलो, आणि भुसावळ येईपर्यंत पुढच्या चार फेऱ्यांचा क्रम ठरला होता.

दिवाळी अंकांची योजनाही चांगली आहे. एकरकमी अडीचशे रुपयांत चाळीसेक अंक फेब्रुवारीपर्यंत आळीपाळीने वाचता येतात. ‘मनोरंजन’ने १९०९ साली सुरू केलेली ही परंपरा लहान गावात टिकून आहे ती अशा योजनांमुळे. एवढेच, की चांगले अंक पहिल्या आठवड्यातच ठरावीक घरांत अडकतात; त्यांची मुदत आठ दिवसांवरून चार दिवसांवर आणावी.

ज्यांना संशोधनासाठी किंवा अगदी नव्या पुस्तकांसाठी वाचनालय हवे आहे त्यांची गरज येथे भागणार नाही. त्यांनी जळगावला व. वा. वाचनालयासारख्या मोठ्या ठिकाणी जावे. परंतु मराठी कादंबरी वाचणाऱ्या आणि वाचलेले कोणाला तरी सांगावेसे वाटणाऱ्या माणसाने येथे सभासद व्हावे, असे मी मनापासून सांगेन. मंडळात जागा नसली तरी पूर्ण झालेल्या फेऱ्यांच्या वह्या कोणत्याही सभासदाला पाहायला मिळतात. त्या कपाटात ठेवलेल्या नाहीत आणि त्यांची नोंद कोठेही नाही, म्हणून सहसा कोणाला माहीत नसते. देवघेवीच्या टेबलाच्या उजव्या कप्प्यात आजमितीस नऊ वह्या आहेत. घरी नेता येत नाहीत, तेथेच बसून वाचाव्या लागतात. आणि ‘कोसला’ची हवी असेल तर ती निळ्या पुठ्ठ्याची आहे.